दोघांत एक भाकरी

पोट दुखणारं माकड लांबूनही ओळखता येतं. गुडघे छातीशी घेऊन, पाठीची कमान करून ते भिंतीकडं तोंड करून बसतं. बाकीची एकमेकांच्या केसांत बोटं घालत असतात, खाण्यावरून भांडत असतात, आणि हे तेवढं एकटं असतं. पुढं केलेलं केळं ते हातात घेतं, वास घेतं आणि तसंच खाली ठेवून देतं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. आमच्या शिक्षणात गाय होती, म्हैस होती, शेळी, कोंबडी, कुत्रं होतं. माकड नव्हतं.

मी चंदगड तालुक्यातली. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला आणि वडिलांनी त्याचा अर्थ ‘पोरांनी शिकायचं’ एवढा सोपा करून ठेवला. ते प्राथमिक शिक्षक होते. घरातली पहिली डॉक्टर मी, जनावरांची का होईना. सरकारी दवाखान्यातली जागा निघेपर्यंत रिकामं बसायचं नव्हतं, म्हणून कोल्हापूरला एका ट्रस्टच्या छोट्या प्राणिघरात नोकरी धरली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. तिथं जखमी मोर यायचे, कुणीतरी पाळून नकोसे झालेले ससे आणि कासवं यायची, आणि एका मोठ्या पिंजऱ्यात माकडांचा कळप होता. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असणारी, आपल्याकडची नेहमीची माकडं. माझ्याबरोबरची मुलं दूध संघांत लागली होती. ती भेटली की म्हणायची, “काय, माकडांची डॉक्टरीण!” मीही हसायचे.

खोली उचगावात घेतली होती. घरमालकीण पन्नाशीची, शेतकरी घरातली, आवाज असा की बोलायला लागली की गल्लीच्या टोकाला कळावं. मी तिला काकू म्हणायचे. पहिल्या दिवशी तिनं गाव विचारलं, वडिलांचं काम विचारलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती थोडी थांबली आणि म्हणाली, “बरं बरं. ऱ्हावा की. सैपाक मात्र तुमचा तुम्ही करून घ्यायचा, आनी पाण्याचा नळ तुमाला मागच्या बाजूला हाय.” भाडं तिनं वाढवलं नाही, खोली नाकारली नाही. सणाला पोळ्या द्यायची, त्या दाराच्या उंबऱ्यावर ताट ठेवून. मी चहाला बोलावलं की तिला नेमकं काहीतरी काम आठवायचं. असल्या वागण्याची मला सवय होती. सवय असली तरी संध्याकाळ लांबच वाटायची.

त्या दिवाळीनंतर वनखात्यानं रस्त्यावर माकडांचे खेळ करणाऱ्यांकडची माकडं जप्त केली. त्यातली एक आमच्याकडं आली. म्हातारी माकडीण. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक होता, कमरेला दोरीचा जुना वण होता, आणि तोंड उघडून बघितलं तर सुळे काढलेले, दाढाही झिजलेल्या. मी तिला म्हातारीच म्हणायला लागले. कळपात सोडून बघितलं, तर तिला माकडांसारखं वागताच येईना. मोठा नर अंगावर आला तेव्हा तिनं खाली बसायचं, तोंड फिरवायचं, ते सोडून उभी राहून त्याला सलाम केला. त्यानं तिचा खांदा फोडला. टाके घालून मी तिला शेजारच्या लहान पिंजऱ्यात ठेवलं. मधे जाळी. कळप दिसायचा, पण ती त्यांच्यातली नव्हती.

तिचा माकडवाला पुढच्याच आठवड्यात फाटकाशी येऊन उभा राहिला. साठी ओलांडलेला, खांद्यावर झोळी, डोक्याला मळका फेटा. त्याची पालं उचगावच्या कडेला, माझ्या खोलीपासून लांब नाही, अशा एका मोकळ्या जागेत होती. “खेळ करायला मागत न्हाय बाई,” तो म्हणाला, “नुसतं बगून जातो.” मला त्याचा राग होता. सुळे त्यानंच उपटले होते, दोरीही त्याचीच. पण म्हातारीनं त्याचा आवाज ऐकला आणि अख्खा पिंजरा दणाणून सोडला. जाळीला चिकटून ती जे काही आवाज काढत होती, ते मी तिच्या तोंडून तोवर ऐकले नव्हते.

मग तो दर गुरुवारी यायला लागला. झोळीतून भाकरी काढायचा, अर्धी स्वतः खायचा, अर्धी चावून मऊ करून जाळीतून तिच्या हातात द्यायचा. तिला धड चावता येत नव्हतं, म्हणून चावून. खाताना तो तिच्याशी बोलायचा. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं गाढव मेलं, असलं. प्राण्यांचं खाणंपिणं बघणारे एक कामगार होते, त्यांना मी मामा म्हणायचे. मामा आणि मी लांबून बघायचो. मी एकदा त्याला म्हटलं, “बाबा, उष्टं देऊ नका तिला.”

“उष्टं?” त्याला खरंच कळलं नाही. “लहान होती तवापासनं माझ्याच तोंडातलं खातीया की ती.”

त्या वेळी मीही फार ताणलं नाही. आठवड्यातल्या त्या एका दिवशी ती पोटभर खायची. एरवी केळं कुस्करून, भाकरी दुधात भिजवून दिली तरी निम्मं ठेवायची.

आजार आला पुढच्या भाद्रपदात. आधी म्हातारीच भिंतीकडं तोंड करून बसलेली दिसली. फरशीवर आव पडली होती, तिच्यात रक्ताचे धागे. दुसऱ्या दिवशी कळपातली दोन माकडं तशीच. मग आणखी. पिंजरे धुवायचा खराटा एकच होता, बादली एकच होती, आणि मधली जाळी माकडांना अडवत होती, सांडपाण्याला नाही. मी खराटे-बादल्या वेगळ्या केल्या, मामांना हात साबणानं धुवायला लावले, आजारी माकडं जमतील तशी वेगवेगळ्या खोक्यांत ठेवली. मीठ-गुळाचं पाणी, औषध. औषध कडू होतं. केळ्यात घातलं तर माकड केळं सोलून, फोडून, नेमकी गोळी काढून टाकायचं. गुळाच्या खड्यात घातलं तर गूळ चाटून गोळी थुंकायचं. शेवटी एकेकाला जाळीच्या पिशवीत धरून सुई टोचायची. प्रत्येक सुईबरोबर कळपाचा माझ्यावरचा भरवसा तुटत गेला. एरवी माझ्या खिशात हात घालणारी माकडं मला बघून किंचाळून वर चढायला लागली.

एक पिल्लू गेलं. सुकून अगदी हलकं झालं होतं. आईनं ते दुपारपर्यंत सोडलं नाही. सोडल्यावर मी ते टेबलावर घेऊन उघडलं. मोठं आतडं सुजलेलं, लाल, आतून सोललेलं. शिकताना वासरांची अशी आतडी पाहिली होती. तेव्हा शेजारी वर्गातली मुलं असायची, कुणीतरी विनोद करायचं. इथं मी आणि ते पिल्लू. मामा बाहेर तोंड फिरवून उभे होते.

नमुने मी शहरातल्या एका लॅबमध्ये दिले होते. तिथल्या बाईंचा फोन आला.

“शिगेला निघालाय,” त्या म्हणाल्या. “रुग्णाचं वय लिहायचं राहिलंय तुमचं.”

“रुग्ण माकडं आहेत,” मी म्हटलं.

त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. “मग एखाद्या माणसाकडून आलाय त्यांना. जंतू आपला आहे हा.”

ते मला वाचून माहीत झालं होतं. रानातल्या माकडांना हा आजार सहसा होत नाही. माणसाच्या संगतीत, पिंजऱ्यात, माणसाच्या हातचं खाल्लं-प्यायलं की तो होतो. हगवणीचा जंतू असतो, अगदी थोडा पोटात गेला तरी पुरतो. आणि एखाद्या माणसाला काहीही त्रास न होता तो त्याच्या पोटात राहू शकतो. म्हणजे ज्यांचा खाण्याशी हात लागतो, त्या सगळ्यांची तपासणी करायला हवी होती. मामांची, माझी. आणि माकडवाल्याची.

गुरुवारी तो आला. मी त्याला बाकावर बसवलं आणि एक छोटी डबी पुढं केली. कशासाठी, ते सांगितलं. तो त्या डबीकडं बघत राहिला.

“माजा गू?” तो म्हणाला. “बाई, थट्टा करतासा काय म्हाताऱ्याची?”

“थट्टा नाही बाबा. माझाही दिलाय मी. मामांनीही दिलाय.”

“मला काय बी झाल्यालं न्हाय. दगूड खाल्ला तरी पचतोय मला.”

“तसंच असतं. तुम्हाला काही होत नाही, पण तुमच्या तोंडातनं, हातातनं तिला जातं.”

पलीकडं खोक्यात म्हातारी पडून होती. त्याच्या आवाजानं तिनं मान उचलली होती, पण उठली नव्हती. त्यानं डबी घेतली, फेट्याच्या पदरात गुंडाळली. त्या दिवशी मी त्याला भाकरी देऊ दिली नाही. तोही न खाता गेला.

अहवाल यायच्या आधी मीच पडले. सकाळी पोटात कळ आली. दुपारपर्यंत भिंत धरून चालायची वेळ आली. खोलीत फोन नव्हता. घरी कळवायचं तर कुणीतरी चौकातल्या टेलिफोन बूथवर जायला हवं होतं, आणि गावाकडं फोन होता तो दुकानात, तिथून निरोप जायला दिवस लागला असता. मागच्या बाजूला संडासला जाणं-येणं होईना, तेव्हा खोलीतच बादली घेतली. मीठ-साखरेचं पाणी करून ठेवलं होतं, ते संपलं आणि उठून दुसरं करता आलं नाही. आठवतं ते एवढंच की मी भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते, आणि आपण कसे पडलोय हे मला कळत होतं. त्याचं हसू यायलाही ताकद नव्हती.

दुपार कलल्यावर कधीतरी काकूचा आवाज आला. “ओ बाई! दार का उघडत न्हाईसा?” मग दार ढकलल्याचा आवाज. मी म्हणत होते, “काकू, आत येऊ नका, लागण होईल.” ते माझ्या तोंडून बाहेर पडलं की नाही, मला माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा काकू पदर खोचून खोलीच्या मधोमध उभी होती. वर्षभरात पहिल्यांदा.

“आगं माझ्या लेकी,” ती ओरडली, नेहमीच्याच मोठ्या आवाजात, “मरतीस की काय हितं एकटी!”

तिनं बादली उचलून नेली, धुवून आणली. माझं अंग पुसलं, लुगडं फाडून कपडा दिला, कपडे बदलले. मला बसवून पाठीला आपला गुडघा टेकवून पेज पाजली. मधेमधे ती चिडत होती. आईबापाला एवढं शिकवायची काय गरज होती, माकडांची हगवण काढायला पोरगी शिकवतात का, असलं काहीतरी. संध्याकाळी तिनं रिक्षा बोलावली, डॉक्टरकडं नेलं, सलाईन लावलं तेव्हा शेजारी स्टुलावर बसून राहिली. नर्सनं विचारलं, “कोण तुम्ही?” तर म्हणाली, “घरची हाय मी.”

मी बरी झाले. ताकद आल्यावर पहिल्या सकाळी चहा केला आणि तिला हाक मारली, “काकू, या ना, आज तरी चहा घ्या.” ती अंगणात शेणी थापत होती. माझ्याकडं बघून हसली. “नगं बाई, आत्ताच झालाय माझा,” म्हणाली. तो झाला नव्हता, तिची चूल अजून पेटायची होती. तिनं माझी घाण काढली होती, पण माझ्या हातचा चहा तिनं पुढंही कधी घेतला नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या होत्या. मी त्यांचा मेळ घालायचा प्रयत्न पुष्कळ वर्षं केला, नंतर सोडून दिला.

कामावर गेले तर अहवाल आला होता. मामा स्वच्छ. माझ्यात जंतू सापडला, ते मला आतड्यानं आधीच सांगितलं होतं. माकडवाल्यात सापडला. ट्रस्टच्या चिटणीसांनी माझ्या गैरहजेरीत त्याला फाटकावरूनच परत पाठवलं होतं. “तोच आजार घेऊन आला,” ते मला म्हणाले. मी म्हटलं, “त्याच्याकडून तिला गेला की तिच्याकडून त्याला, हे अहवालावरून सांगता येत नाही, साहेब. दोघांत एकच जंतू आहे एवढंच कळतं.” त्यांना ते शब्दांचे खेळ वाटले. खरं म्हणजे फरकही काय पडत होता? चावलेली भाकरी बंद व्हायलाच हवी होती.

कळप सावरत होता. म्हातारीची हगवणही थांबली होती. पण ती खात नव्हती. ताप नाही, आव नाही, आजारात सुजलेल्या हिरड्याही बऱ्या झालेल्या. तरी केळं हातात घेऊन ठेवून द्यायची. फाटकाचा आवाज झाला की मान वर करायची, आणि दुसरंच कुणी दिसलं की परत खाली. पाठीचे मणके मोजता येतील एवढी वाळली. दोनदा नळीनं पाजलं. तेवढ्यानं जीव धरून राहतो, जगत नाही कुणी.

मी माकडवाल्याच्या पालावर गेले. चिखलातून वाट होती. बायका एका खड्ड्यातून पाणी भरत होत्या. पलीकडूनच वस्तीचं सांडपाणी वाहत होतं, आणि पावसात दोन्ही एक होत असणार हे दिसत होतं. मी त्याच्यासाठी गोळ्या नेल्या होत्या. त्या हातात देताना मला कळत होतं की गोळ्या संपल्यावर तो पुन्हा हेच पाणी पिणार आहे.

“पाणी उकळून प्या, बाबा,” मी म्हटलं.

“जळण कुठलं आणू?” तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. मग त्यानं विचारलं, “ऱ्हायली का गेली ती?”

“आहे. खात नाही.”

तो दुसरीकडं बघत म्हणाला, “माझ्या हातनं मरायला लागलीवती म्हणं. तुमच्या साहेबानं सांगितलं फाटकावर. समद्यांसमोर.” आणि जरा वेळानं, “दात काढलं तवा बी मरायला लागलीवती. तवा बी भाकरी चावून घालूनच जगवली. आता तीच भाकरी इख झाली म्हणा की.”

मला त्याच्यावर रागवायचं होतं, ते जमलं नाही. त्याला समजवायचं होतं, तेही धड जमलं नाही. तिथून परत येताना एक गोष्ट सुचली. फार शहाणपणाची नव्हती, पण दुसरं काही सुचत नव्हतं. चिटणीसांशी दोन दिवस हुज्जत घातली, मग त्यांनी ‘तुमच्या जबाबदारीवर’ म्हणून सोडून दिलं.

पुढच्या गुरुवारी त्याला बोलावलं. नळावर साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले. पिंजऱ्याच्या बाहेर, तिचा हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर, सतरंजी घातली. त्यानं आपली भाकरी काढायची आणि तिथं बसून खायची. जाळीच्या आत, मामांनी आमच्या चुलीवर केलेली भाकरी गरम दुधात मऊ करून तिच्या पुढं ठेवायची. एकच वेळ, एकच खाणं, पण हात वेगळे.

तो बसला. तिनं जाळीतून हात बाहेर काढला, तळहात वर करून. तो त्या हाताकडं बघून जागचा हलला नाही. दोन्ही हात त्यानं मांडीखाली धरले होते. ती ओरडली. मग पाठ फिरवून बसली. मामा माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही खा. आणि बोला तिच्याशी.”

त्यानं घास घेतला. घसा खाकरून बोलायला लागला. कुणाच्या पोराला शाळेत घातलंय, पाल गळतंय, थोरल्या सुनेशी भांडण झालंय. बोलत बोलत खात होता. अर्धी भाकरी झाली तेव्हा म्हातारी वळली. त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग खाली बघितलं, ताटलीत बोटं घातली आणि खायला लागली. त्यानं घास घेतला की ती घ्यायची. तो थांबला की थांबायची.

“खा की गं,” तो म्हणत होता. “खा, माजे आये.”

मामांनी टोपी काढून डोळे पुसले. मी ऑफिसात जाऊन बसले.

असं वर्षभराच्या वर चाललं. ती भरली, केस चमकायला लागले. गुरुवारी नीट, बाकीचे दिवस बेताचं, पण खायची. मी महिन्या-दोन महिन्यांनी त्याची तपासणी करायचे. कधी जंतू निघायचा, कधी नाही. खड्ड्याचं पाणी तेच होतं. मी ग्रामपंचायतीत जाऊन वस्तीला नळ द्या म्हणून सांगून आले. तिथले लोक सभ्य होते. ती माणसं आज हाईत उद्या न्हाईत, त्यांना नळ कशाला, असं त्यांनी समजावून सांगितलं.

त्यांचं ते म्हणणं खरं व्हायला फार काळ लागला नाही. पालांच्या जागेत प्लॉट पडले. खुणेचे दगड रोवले गेले. एक दिवस, गुरुवार नसताना, तो आला. “निपाणीकडं चाललोय समदी,” म्हणाला. “तिकडं सोयरं हाईत.” मग घुटमळून म्हणाला, “एक डाव माझ्या हातनं घालू द्या भाकरी. एकच तुकडा. चावत न्हाय, नुसतं मोडून देतो.”

मागच्या तपासणीत त्याच्यात जंतू होता. मी नाही म्हटलं. त्यानं मान हलवली, वाद घातला नाही. तो तसाच उभा राहिला, तेव्हा मला ते सहन झालं नाही. मी त्याला नळावर नेलं, दोनदा हात धुवायला लावले, तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं आणि पिंजऱ्याचं दार उघडलं.

तो आत जाऊन मांडी घालून बसला. म्हातारीनं आधी त्याच्या बोटांचा वास घेतला, साबणाचा, आणि नाक मुरडलं. मग ती त्याच्या पाठीमागं गेली, फेटा ओढून काढला आणि त्याच्या पांढऱ्या केसांत बोटं घालून एकेक बट निवडायला लागली. कळपातल्या माकडिणी एकमेकींसाठी हेच करतात. तिला हे येत असेल असं मला वाटलं नव्हतं. तो डोळे मिटून बसला होता. सगळी दुपार गेली. लोक आले, बघून हसले, गेले. निघताना त्यानं तिला काहीही दिलं नाही. तिच्यापुढं हात जोडले, माझ्यापुढंही जोडले आणि फेटा काखेत मारून गेला.

त्यानंतर मी जेवणाचा डबा त्या पिंजऱ्यापाशी नेऊन खायला लागले. मला त्याच्यासारखं बोलता यायचं नाही. तरी सांगायचे काहीतरी: घरून पत्र आलंय, काकूच्या म्हशीला रेडकू झालंय. सुरुवातीला ती माझ्याकडं लक्ष द्यायची नाही. नंतर माझ्याबरोबर खायला लागली. किती दिवसांत दुसऱ्या कुणाच्या समोर बसून जेवले नव्हते, हे मला त्यामुळं कळलं.

मग सरकारी नोकरीचं पत्र आलं. राधानगरीकडचा दवाखाना. घरी पेढे वाटले. मी म्हातारीला मामांवर सोपवून गेले. मामा म्हणाले, “मी बसतो की मॅडम तिच्याजवळ जेवायला.” आणि बसले असणार, ते तसे होते. खोली सोडताना काकूनं मला कुंकू लावायला हात पुढं केला, मग माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघून तो तसाच माझ्या गालावरून फिरवला. रडली मोठ्यानं.

राधानगरीला पाऊस इतका की कागद हाताला ओले लागायचे. दिवसभर म्हशी, गाभण गाई, पान्हा न सोडणाऱ्या, विल्यावर जार अडकलेल्या. लोक चहा द्यायचे, कुणी कपात, कुणी वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात. पुढच्या वर्षी मामांचा दवाखान्यात फोन आला. म्हातारी गेली होती. सकाळी झोपल्यासारखी सापडली. नव्या डॉक्टरांनी उघडून बघितलं का, असं मी विचारलं. “व्हय मॅडम. आतडं चांगलं होतं म्हणाले. वयानं गेली.” मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. बाहेर एक माणूस आपल्या रेड्याची दोरी धरून ताटकळत उभा होता, त्याच्याकडं गेले.

हे त्या म्हाताऱ्याला सांगायला हवं, असं मला वाटत राहिलं. रजा मिळाली तेव्हा एसटीनं निपाणीला गेले. बाजारात विचारत विचारत गावाबाहेरच्या पालांपर्यंत पोचले. तिथल्या बायका अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत बोलत होत्या. मी त्याचं नाव सांगितलं. त्या नावाचे तीन जण निघाले. तिघेही माझ्यासमोर आणून उभे केले. एक पोरगेला होता, एक आंधळा, आणि एकजण एवढा त्याच्यासारखा दिसत होता की मी दोन पावलं पुढं गेले. तो नव्हता.

“माकडवाला होता,” मी म्हटलं. “कोल्हापूरकडून आलेला.”

“आता कोण माकडवाला ऱ्हायलाय, बाई?” तो आंधळा म्हणाला. “कोन शेरडं राखतंय, कोन भंगार येचतंय. तुमचं काय काम हुतं त्याच्याकडं?”

“निरोप द्यायचा होता.”

“सांगून ठिवा. गावला तर देतो.”

ते सगळे माझ्याभोवती गोळा झाले, निरोप ऐकायला. मी सांगितलं की त्याची माकडीण गेली, म्हातारी होऊन गेली, आजारानं नाही, शेवटपर्यंत खात होती. एका बाईनं चुकचुक केलं. आंधळ्यानं ते शब्द एकदा तोंडानं म्हणून बघितले, पाठ करत असल्यासारखे, पण त्यात ‘आजारानं नाही’ हे तो विसरला. मी त्याला ते पुन्हा सांगितलं. त्यानं मान डोलावली. मग कुणीतरी गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं, आणि मी स्टँडकडं निघाले.